डाव्या दाराची व्यवस्था

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा जुन्या लाकडी सामानाला पॉलिश करणे, राहणार दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मर्जीने आणि सकाळचा चहा झाल्यावर लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. दबाव टाकू शकेल असा एकच माणूस आहे, तो म्हणजे माझा धाकटा भाऊ, आणि तो सव्वा वर्ष झाले या घराची पायरी चढलेला नाही. हे मृत्युपत्र मुख्यतः त्याच्यामुळे लिहावे लागत आहे, हे सुरुवातीलाच नोंदवते.

माझी बुद्धी शाबूत आहे. त्याची खात्री करून घेण्यासाठी वकीलबाईंनी मला आजचा वार विचारला. मी वार सांगितला आणि त्यांच्या टेबलाचे पॉलिश कोणत्या गाढवाने केले तेही विचारले. त्यावर त्यांनी बुद्धीचा विषय सोडून दिला. डोळे चष्म्याने ठीक आहेत, कान हवे तेव्हा चालतात. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. रागाच्या भरात दोन-तीन वेळा तोंडी केले होते, ती सगळी या लेखाने रद्द समजावीत.

माझ्यामागे या लेखाप्रमाणे सर्व काही पार पाडण्याचे काम मी वकीलबाईंवर सोपवत आहे. त्यांनी मला 'मोजकं आणि मुद्द्याचं लिहा' असे बजावले आहे. मी प्रयत्न करीन.

कलम पहिले. घर आणि दुकान. दुकान, वरच्या दोन खोल्या, मागचे अंगण आणि अंगणातली पत्र्याची शेड हे सर्व मी माझ्या भाचीला, म्हणजे भावाच्या एकुलत्या एक मुलीला देत आहे. शाळा सुटली की ती माझ्या दुकानात येऊन बसे आणि पुढे ती उठलीच नाही. भावाचे म्हणणे असे की मी त्याची मुलगी पळवली. पेंटरच्या पोटची पोर पॉलिशवालीकडे काम शिकते, यात त्याची चारचौघांत मान खाली जाते म्हणे. मी कोणालाही पळवलेले नाही. रंगाच्या डब्याचे झाकण उघडले की तिला शिंका येत, याला मी काय करणार?

भाचीने दुकान चालवावे, विकावे किंवा भाड्याने द्यावे, तिची मर्जी. फक्त दुकानावरची पाटी बदलताना ती भावाकडूनच रंगवून घ्यावी, आणि त्याने अक्षरे फार सजवली तर त्याला तोंडावर तसे सांगावे.

कलम दुसरे. बँकेतले पैसे. तेही भाचीला. किती आहेत ते बँकेला ठाऊक आहे आणि बाकी कोणाला असण्याची गरज नाही.

इथे कोणी विचारील की स्वतःचे कोणी नाही का. मला मूल नाही. याचे दुःख नातेवाइकांनी इतके मनापासून केले की माझ्या वाट्याला फारसे उरले नाही. माझे पती वारून बराच काळ झाला. भला माणूस. त्यांच्या घोरण्याबद्दल मी जन्मभर ज्या तक्रारी केल्या त्या सर्व मागे घेते. त्या खोलीत आता फार शांतता असते आणि ती मला आवडत नाही.

कलम तिसरे. हत्यारे. रंग खरवडायच्या पत्र्या, पटाशा, ब्रश, स्टेनच्या बाटल्या, चपड्याचा म्हणजे पॉलिशच्या लाखेचा डबा आणि पॉलिश लावायचे कापडाचे बोळे भाचीला. बोळे धुऊ नयेत. चांगला बोळा तयार व्हायला वर्षे लागतात आणि त्याची वाट लावायला साबणाचा एक हात पुरतो.

मोठा रंधा माझ्या धाकट्या दिरांना. तो त्यांच्याकडेच आहे. 'वहिनी, दाराचा कोपरा घासतो आणि परत आणून देतो,' असे म्हणून त्यांनी तो नेला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. आता तो रीतसर त्यांना देत आहे, म्हणजे निदान माझ्यामागे त्यांना त्याच्याकडे उजळ माथ्याने पाहता येईल.

कलम चौथे. टेबलफॅन. हा समोरच्या शिंपीभाऊंना. त्यांच्या दुकानात उन्हाळ्यात बसवत नाही आणि ते माझ्याकडे येऊन बसतात, त्यापेक्षा पंखाच त्यांच्याकडे जावा.

याच शिंपीभाऊंना मी साक्षीदार व्हायला सांगितले होते. ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. तेव्हा वकीलबाईंनी खुलासा केला की जो साक्षीदार म्हणून सही करतो त्याला मृत्युपत्राखाली काहीही मिळत नाही, त्याला दिलेली वस्तू रद्द होते. शिंपीभाऊंनी थोडा विचार केला. 'मग सही दुसऱ्या कोणाची घ्या,' ते म्हणाले, 'पंख्याला मी नाही म्हणू शकत नाही.' माणूस सरळ आहे, माझी तक्रार नाही. पण एका साक्षीदाराची जागा रिकामी झाली आणि हे लिहिताना ती तशीच आहे.

दुसरे साक्षीदार कोपऱ्यावरचे हार्डवेअरवाले. त्यांना मी काहीही देत नाही, कारण ते पॉलिशच्या स्पिरिटमध्ये पाणी घालतात. काहीच मिळणार नसल्यामुळे साक्षीदार व्हायला त्यांच्याइतका लायक माणूस या गल्लीत नाही.

कलम पाचवे. कपाट. या कलमासाठी बाकीची कलमे आहेत. वकीलबाईंनी इथे चष्मा काढून ठेवावा, वेळ लागेल.

पुढच्या खोलीत खिडकीसमोर दोन दारांचे लाकडी कपाट उभे आहे. उजवे दार, उजवी बाजू आणि वरची फळी यांना अक्रोडी स्टेन आणि त्यावर चपड्याचे पॉलिश आहे, जवळ गेले तर तोंड दिसते. डावे दार, डावी बाजू आणि खालचा खण यांना ऑइल पेंट आहे, सध्या करडा. नवीन माणूस आत आला की आधी कपाटाकडे पाहतो, मग माझ्याकडे आणि मग विचारतो, 'काम अर्धवट राहिलंय का?' अशा लोकांना मी पाणी देते, उत्तर देत नाही.

हे कपाट आमच्या वडिलांनी केले. ते सुतार नव्हते, गोदामात मालाची खोकी उचलत. आईला कपाट करून देण्याचे त्यांनी कबूल केले होते आणि कबूल केले म्हणजे केले. एका मोडीत निघालेल्या टेबलाच्या उत्तम फळ्या त्यांना मिळाल्या, त्या अर्ध्या कपाटाला पुरल्या. उरलेले अर्धे त्यांनी खोक्याच्या फळ्यांचे केले, सगळ्यावर तपकिरी रंग फासला आणि 'एकाच झाडाचं आहे' असे आईला सांगितले. रंगाची हीच तर खुबी आहे, त्याच्याखाली सगळे सारखे दिसते. भावाला हा रंगाचा गुण वाटतो, मला दोष वाटतो. आमचे भांडण थोडक्यात एवढेच.

आई गेल्यावर कपाट माझ्याकडे आले. भावाचे घर तेव्हा एका खोलीचे होते आणि दार इतके अरुंद की तो स्वतःच आडवा होऊन आत शिरे. आई जाताना म्हणाली होती, 'दोघांनी मिळून वापरा.' कसे, ते सांगायचे तिचे राहून गेले.

आम्ही कपाट मागच्या अंगणात काढले आणि जुना रंग उतरवायला बसलो, मी उजव्या दाराशी, तो डाव्या. रंग काढायचे औषध फासायचे, रंगाला फोड आले की पत्रीने खरवडायचे. माझ्या बाजूला आत असे लाकूड निघाले की मी हातातले काम सोडून नुसती पाहत राहिले. भरदार रेघा, एकही गाठ नाही. भावाच्या बाजूला खोके निघाले. आणि खोक्यावर छापलेली काळी अक्षरे, उलटी. वडिलांनी फळ्या खालचे वर करून ठोकल्या होत्या. मान वाकडी करून भावाने वाचले, 'ही बाजू वर.' शेजारचा बाण जमिनीकडे दाखवत होता. तो पत्री टाकून हसत सुटला आणि मीही. आई गेल्यानंतर आम्ही प्रथमच हसत होतो.

मग भांडण झाले.

"सगळ्याला रंग मारून टाकू," तो म्हणाला, "एकसारखं दिसेल."

"या लाकडाला रंग? माझ्या मढ्यावर मार."

"मग या खोक्याला काय पॉलिश करणार आहेस?"

करून दाखवते, असे मी म्हणाले, आणि हट्टाला पेटून डाव्या दाराला स्टेनचा हात दिला. असले लाकूड स्टेन कसेही पिते, एका जागी घटाघटा, दुसऱ्या जागी थेंबही नाही. दारावर कोणी चहाची किटली उपडी केल्यासारखे डाग उठले. भाऊ हाताची घडी घालून उभा होता. तो एक शब्द बोलला नाही. त्या वेळी तो काहीतरी बोलला असता तर मी त्याला केव्हाच माफ केले असते.

शेवटी ज्याचे दार त्याने करावे असे ठरले. मधल्या जागेवर चिकटपट्टी लावली आणि दोघांनी दोन दिशांनी काम केले.

पुढच्या वर्षी हवा कोरडी झाली तेव्हा डाव्या दारावर रंगाच्या आतून ती अक्षरे हळूहळू वर आली, फिकट पण वाचता येतील अशी. मी निरोप धाडला, 'तुझ्या कामात खोट निघाली.' भाऊ तणतणत आला, दार घासले, नवा रंग दिला. त्याच्यापुढच्या वर्षी अक्षरे परत हजर. तेव्हापासून हा आमचा नेम झाला. हवा कोरडी झाली की तो ब्रश घेऊन येई. तो डावे दार करी, मी त्याच्या शेजारी बसून उजव्याला पॉलिशचा हात देई. दिवस त्यात जाई.

रंग तो विकत आणत नसे. त्या वर्षीच्या कामातून उरलेला डबा आणी, त्यामुळे त्याने कुठे काम केले ते दारावर दिसे. दवाखान्याचा हिरवा, शाळेचा पिवळा, कोणाच्या तरी फाटकाचा निळा. एका वर्षी केस कापायच्या दुकानाचा जांभळा होता. त्या वर्षी मी वर्षभर कपाटाकडे पाठ करून जेवले.

आता आमच्या धंद्यातली एक साधी गोष्ट लिहिते. रंगातून खालची शाई किंवा गाठ वर येत असेल तर रंगाच्या आधी चपड्याचा एक हात द्यायचा. चपडा सुकला की खालचे काही वर येत नाही, कायमचे. हे शिकायला डोके लागत नाही. माझ्याकडे चपड्याचा डबा बारमाही भरलेला असतो, त्या कपाटापासून हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. मी भावाला तो कधी दिला नाही.

कारण लिहिते. माझा भाऊ कामाशिवाय कोणाकडे बसणारा माणूस नाही. नुसता भेटायला आला तर उंबऱ्यावर टेकतो, चहा पाण्यासारखा घशात ओततो आणि 'येतो, काम आहे' म्हणून निघतो. हातात ब्रश असला की मात्र तो बोलतो. कोणाच्या घरी काय पाहिले, कोणाच्या भिंतीला ओल आहे, वडील कसे चालत, आई कशी रागवे, सगळे. त्या एका दिवसात मला माझा भाऊ वर्षाचा मिळे. असल्या दिवसावर मी चपडा फिरवणार नव्हते. त्याला पेंटर असून चपडा का आठवत नाही, हे मी कधी विचारले नाही. कामात कच्चा आहे, एवढेच म्हणायची.

मागच्या खेपेला तो करड्या रंगाचा डबा घेऊन आला. बँकेचे काम होते. मधली कड रंगवताना ब्रश माझ्या पॉलिशवर गेला. त्याने फडक्याने पुसले. परत लावला, परत गेला. "ब्रश बाद झालाय," तो म्हणाला. ब्रश कोरा करकरीत होता, केसही वाकलेला नव्हता. तो चहा न घेता गेला.

यंदा हवा कोरडी झाली तेव्हा त्याने भाचीच्या हाती डबा पाठवला. "बाबा म्हणाले, या वर्षी आत्यालाच मारू दे." मी डबा तसाच परत पाठवला. मग भाचीकडून कळले की त्याने कामे घेणे बंद केले आहे. विचारले तर गुडघे दुखतात म्हणतो. कप अर्धाच भरून मागतो. उजवा हात खिशात ठेवून फिरतो, उकाड्यातसुद्धा. डॉक्टरांना दाखवले आहे, गोळ्या आहेत, पण पूर्वीचा हात परत येणार नाही असे त्यांनी सांगितले आहे. त्याने हे मला कळू दिले नाही. मी त्याला हात धरून रांगोळ्या काढायला, पाटी गिरवायला शिकवले आणि त्याच हाताची लाज तो माझ्यापुढे धरतो, याचा मला राग आला आहे. रडूही आले होते, पण तो निराळा विषय.

अक्षरे आता डाव्या दारावर स्पष्ट वर आली आहेत. ती पाहून भाची परवा चपड्याचा डबा घेऊन पुढे झाली. "आत्या, एक हात चपड्याचा मारू का? परत म्हणून वर येणार नाहीत." मी तिच्यावर अशी खेकसले की शिंपीभाऊ रस्ता ओलांडून आले. भाचीने डबा खाली ठेवला.

"म्हणजे इतकी वर्षं तुला..."

"कामाला लाग," मी म्हणाले. ती हुशार आहे, लागली.

सबब, सदर कपाट, दोन्ही दारे, दोन्ही बाजू, फळ्या, खण, बिजागऱ्या आणि कडीसह, मी संपूर्णपणे माझ्या धाकट्या भावाला देत आहे. उजवी बाजूही त्याची. हवे तर त्याने माझ्या पॉलिशवर प्रायमर ओढून सगळे कपाट बँकेसारखे करडे करावे. कोणीही हरकत घेऊ नये. अट एकच, त्याने माझ्या हयातीत येऊन डावे दार रंगवून जावे.

वकीलबाईंचे म्हणणे, मृत्युपत्र माणूस मेल्यावर चालू होते, त्यात हयातीतली अट घालता येत नाही. मी म्हणाले, राहू द्या. त्या म्हणाल्या, 'ताई, तुम्ही हे मरणासाठी लिहीत नाही आहात, भाऊ यावा म्हणून लिहीत आहात.' हे त्या तोंडी म्हणाल्यामुळे त्याचा पुरावा नाही. या कलमाची एक प्रत भावाकडे पाठवावी असे मी त्यांना सांगितले. असे कोणी करत नाही, असे त्या म्हणाल्या. प्रत गेली आहे.

कलम सहावे. किरकोळ. कपाटातल्या चादरी भाचीला. आरामखुर्ची वकीलबाईंना, म्हणजे बसायला तरी एक वस्तू त्यांच्याकडे बरी असेल. ज्या बाईंनी जेवणाचे टेबल माझ्याकडून पॉलिश करून घेतले आणि 'रंग मनासारखा आला नाही' म्हणून निम्मीच मजुरी दिली, त्या अजून त्याच टेबलावर जेवतात हे मला माहीत आहे. त्यांना मी क्षमा करत नाही. गरम भांडी थेट ठेवू नयेत, एवढा सल्ला विनामूल्य देते.

माझ्यामागचे विधी थोडक्यात उरकावे. भाषणे करू नयेत. कोणाला बोलावेसेच वाटले तर त्याने शेडमध्ये जाऊन बोलावे.

कलम सातवे. सहीच्या दिवशी वाढवलेला मजकूर. वरची सहा कलमे लिहून झाली होती. आज सकाळी वकीलबाई सह्या घ्यायला आल्या. हार्डवेअरवाले आले. दुसरा साक्षीदार कोण आणायचा यावर बोलणे चालू होते. शिंपीभाऊ दारात उभे राहून नावे सुचवत होते. तेवढ्यात जिना वाजला आणि भाऊ आत आला. डाव्या हातात त्या कलमाची प्रत, काखेत मी परत पाठवलेला डबा, उजवा हात खिशात.

जे झाले ते आता लिहिते, कारण त्याने पाचवे कलम बदलले आहे. वकीलबाई म्हणतात, फक्त बदल लिहा. बदल असा आपोआप होत नसतो.

"हे काय लिहिलंयस?" त्याने उभ्यानेच विचारले. "सगळं कपाट मला?"

"हो."

"आणि उजव्या दाराला मी रंग मारू?"

"तुझं कपाट, तुझी मर्जी."

"त्या लाकडाला कोणी रंग मारतं का? अक्कल गहाण टाकलीस की काय?"

चाळीसएक वर्षे मी या वाक्याची वाट पाहत होते. मी हार्डवेअरवाल्यांना म्हणाले, ऐकलंत ना, तुम्ही साक्षीदार आहात. ते म्हणाले, मी फक्त सहीचा.

मग भावाचे लक्ष डाव्या दाराकडे गेले. तो जवळ गेला. अक्षरे ठसठशीत होती, बाण जमिनीकडे. त्याने डाव्या हाताचे बोट त्यावरून फिरवले.

"ताई, तू चपडा का नाही मारलास कधी?"

"तू का नाही मागितलास?"

त्याने बोट बाणावरून खाली नेले. मग म्हणाला, "मला यायला काहीतरी लागतं. तुला माहीत आहे माझं."

म्हणजे त्याला ठाऊक होते. कामात कच्चा नव्हता. मी चहा ठेवायला उठले. तर तो म्हणाला, "बस. चहा नको, मला कप धरता येत नाही," आणि हात खिशातून बाहेर काढला. हात थरथरत होता. भाची, वकीलबाई, हार्डवेअरवाले, दारातले शिंपीभाऊ, सगळ्यांसमोर त्याने तो तसाच धरून ठेवला. "आता काय रंग मारू यानं?"

"मधलं मधलं मार," मी म्हणाले. "कडा मी करते."

"तू? ब्रश धरणार?"

मी धरला. या धंद्यात इतकी वर्षे काढली, रंगाच्या डब्यात मी कधी ब्रश बुडवला नव्हता. भाचीने शिंकत शिंकत झाकण उघडले. भाऊ मधला भाग करत होता, त्याला जागा मोठी होती, हात कसाही हलला तरी चालत होते. मी मधल्या पट्टीलगत कड ओढत होते आणि तो मला शिकवत होता.

"अगं, किती बुडवतेस? ओघळ बघ. पॉलिशवाल्यांच्या हातात ब्रश दिला की असंच."

"तू तुझ्या पुढं बघ."

"ओघळ आधी पुस, मग बोल."

रंग कोणत्या कामातला, असे मी विचारले. या वर्षी कामच नव्हते, म्हणाला, दुकानातून नवा डबा विकत आणला. कोणता घ्यावा ते त्याला सुचेना, म्हणून भाचीला विचारून आणला. पांढरा आहे. वर्षभरात अक्षरे त्यातून लख्ख दिसतील.

दार झाल्यावर तो हात पुसत वकीलबाईंना म्हणाला, "साक्षीदाराला काही मिळत नाही, असं आहे ना?"

"नाही मिळत."

"मग मी साक्षीदार. जागा रिकामी आहे म्हणतात."

"पण मग हे कपाट तुम्हाला मिळणार नाही. कलम रद्द होईल," वकीलबाईंनी स्पष्ट सांगितले.

"म्हणूनच तर." मग तो माझ्याकडे वळला. "कपाट माझ्या घरी नेऊन, एकट्यानं बसून, माझंच दार मी रंगवू? आणि कोणाशी भांडू? मला नको तुझं कपाट. ते इथं राहू दे आणि तूही इथं राहा."

सबब, पाचव्या कलमातली देणगी मी मागे घेत आहे. कपाट भाचीला देत आहे. ते तिने याच खोलीत, याच भिंतीला ठेवावे. उजव्या दाराला दरवर्षी पॉलिशचा हात द्यावा. डाव्या दाराला तिचे बाबा जिना चढू शकतात तोवर चपडा लावू नये, आणि ते आले की कडा तिने कराव्यात. शिंका आल्या तरी.

हे सर्व मी वाचून पाहिले, माझ्या इच्छेप्रमाणे आहे. ओला रंग लागू नये म्हणून सह्या पुढच्या खोलीत न करता स्वयंपाकघरातल्या टेबलावर केल्या.

स्थळ: दुकानाच्या वरची खोली, स्वयंपाकघर
दिनांक: ११ फेब्रुवारी, रविवार

(सही)
लिहून देणार, पॉलिशवाली

साक्षीदार:

१. लिहून देणार यांनी माझ्यासमोर सही केली. साक्षीदाराने मजकूर वाचायचा नसतो असे मला सांगितले होते, तरी मी वाचला. स्पिरिटमध्ये पाणी घातले जात नाही. माझी ही हरकत नोंदवून सही करतो.
(सही) हार्डवेअरवाले

२. मी लिहून देणार यांचा धाकटा भाऊ. ताईने माझ्यासमोर सही केली. कपाटावर माझा काही हक्क राहत नाही, हे मला समजावून सांगितले आहे आणि ते मला पाहिजे तसेच आहे. सही वेडीवाकडी आली आहे पण ती माझीच आहे, मुलीने मध्ये हात धरला नाही. डाव्या दाराचे काम मी पुढच्या वर्षी येऊन करीन, त्याच्यापुढच्या वर्षीही येईन. त्यासाठी ताई घरी असली पाहिजे. साक्षीदाराला अट घालता येत नाही असे वकीलबाई म्हणतात. मी घातली आहे.
(सही) पेंटर